ज्येष्ठेजवळचा अंधार आणि छायाचित्राखालची ओळ

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेले, भुजंगधारी तारकासमूहातील 'रो' या ताऱ्याजवळच्या तारकानिर्मितीच्या प्रदेशाचे छायाचित्र आपल्या रविवार पुरवणीत अर्ध्या पानावर छापले गेले आणि त्याखाली 'अवकाशातील नयनरम्य रंगांची उधळण' एवढीच ओळ होती. चारच दिवसांनी याच स्तंभात एका वाचकाचे पत्र आले. त्यांचे म्हणणे असे, की ही चित्रे संगणकावर रंगवलेली असतात. प्रत्यक्ष तिथे जाऊन पाहिले तर असे काहीही दिसणार नाही. आणि म्हणून विज्ञानाच्या नावाखाली ती छापणे ही वाचकांची दिशाभूल आहे. यांतील पहिली दोन विधाने बरोबर आहेत. तिसरे त्यांतून निघत नाही. पण ते निघते असे एखाद्या चौकस माणसाला वाटावे, याला ती 'रंगांची उधळण' बरीचशी जबाबदार आहे, असे मला वाटते आणि म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

मी अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आणि आता सहा इंची दुर्बीण गाडीत टाकून वाई परिसरातल्या शाळांत मुलांना आकाश दाखवत असतो. त्या छायाचित्रातला प्रदेश आपल्याला अगदीच अनोळखी नाही. सध्या रात्री दहाच्या सुमारास आग्नेयेला वृश्चिक वर आलेला असतो आणि त्यातली तांबूस ज्येष्ठा कोणीही ओळखते. तिच्या उत्तरेला साधारण तीन अंशांवर, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र एकाला एक लावून ठेवले तर जेवढे अंतर होईल तेवढ्यावर, 'रो' हा एक फिकट तारा आहे. त्याच्या आसपास दुर्बीण फिरवली की मुले लगेच तक्रार करतात, "सर, इथे काहीच नाही." तक्रार रास्त असते. वृश्चिकात आणि धनूत दुर्बीण कुठेही वळवली तरी ताऱ्यांची खच्चून गर्दी दिसते आणि इथे मात्र जागा झाडून ठेवल्यासारखी. वेबचे ते सगळे रंगीत चित्र याच 'काहीच नाही'मधल्या एका कोपऱ्याचे आहे.

ही तक्रार पहिल्यांदा मुलांनी केलेली नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम हर्शेल यांनी वृश्चिकाच्याच भागात ताऱ्यांवाचून रिकामी जागा पाहिली तेव्हा त्यांना ते आकाशातले भोक वाटले. शेजारच्या तारकागुच्छाने आसपासचे तारे ओढून घेतल्यामुळे जागा मोकळी पडली असावी, असा त्यांचा तर्क होता. तर्क चुकीचा ठरला, पण मूर्खपणाचा नव्हता. दिव्यांच्या रांगेत मध्येच अंधार दिसला तर तिथे दिवे नाहीत किंवा दिव्यांपुढे काहीतरी आडवे आले आहे, असे दोनच अर्थ संभवतात, आणि नुसत्या डोळ्याने यांत निवड करता येत नाही. पुढे अमेरिकेत एडवर्ड बर्नार्ड यांनी आकाशगंगेची तासन्‌तास कॅमेरा उघडा ठेवून छायाचित्रे काढली आणि १९१९ मध्ये अशा १८२ काळ्या डागांची यादी प्रसिद्ध केली. काही डागांच्या कडा इतक्या स्पष्ट आणि आकार इतके गुंतागुंतीचे होते, की ती भोके आहेत हे मानणे त्यांनाही जड जाऊ लागले. भोके मानायची तर ताऱ्यांच्या त्या अफाट खोलीतून आरपार जाणारे आणि नेमके पृथ्वीकडे तोंड करून असलेले इतके बोगदे मानावे लागले असते.

निर्णायक पुरावा मात्र छायाचित्रातून न येता हिशेबातून आला. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्पलर यांनी दूरच्या तारकागुच्छांची अंतरे दोन रीतींनी काढली. एक ताऱ्यांच्या तेजावरून आणि दुसरी गुच्छाच्या आकारावरून. दोन्ही उत्तरे जुळेनात. गुच्छ जितका लांबचा, तितके त्याचे तारे असायला हवेत त्याहून मंद, आणि वर तांबूस. वाटेत प्रकाश अडतो आहे आणि निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त अडतो आहे, असा याचा सरळ अर्थ होता. ताऱ्यांमधली जागा, जी तोवर बहुतेकांनी मोकळी धरली होती, तिथे धूळ आहे हे यानंतर नाकारता येईना.

धूळ हा शब्द मात्र इथे थोडा फसवा आहे. उन्हाळ्यात एसटीमागे उठते ती धूळ मनात आणू नये. हे कण एका मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) दहाव्या भागाएवढे, म्हणजे धुराच्या कणांच्या जातीचे असतात. वाळूच्या जातीची सिलिकेट्स आणि कार्बन हे त्यांतले मुख्य पदार्थ. म्हातारे होत आलेले तारे आपले बाहेरचे थर अवकाशात सोडतात आणि तो वायू निवत जाताना त्यात हे कण जमतात. ताऱ्यांमधल्या एकूण द्रव्यात, जे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम असते, वजनाने त्यांचा वाटा जेमतेम एक टक्का. विरळपणा तर असा, की आकाशगंगेतल्या सर्वसाधारण जागी शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद आणि शंभर मीटर उंच खोली घेतली तर तिच्यात सरासरीने एक कण सापडेल. दाट ढगांत हे प्रमाण कितीतरी हजार पटींनी वाढते, पण तरीही तो ढग आपल्या प्रयोगशाळेतल्या चांगल्या निर्वातापेक्षा विरळच. एवढ्या विरळ धुराने प्रकाश अडतो, कारण प्रकाशाला त्यातून लाखो कोटी किलोमीटर चालत यावे लागते.

आता हाच धूर तांबडा प्रकाश कमी आणि निळा जास्त का अडवतो, हे आमच्या भागातल्या कोणालाही सांगायला नको. उसाची तोड झाल्यावर पाचट पेटवतात तेव्हा त्या धुरापलीकडचा सूर्य तांब्याच्या परातीएवढा लाल होतो आणि त्याच्याकडे सरळ पाहता येते. लांब लहरी बारीक कणांना वळसा घालून जातात, आखूड लहरी त्यांच्यावर आपटून विखुरतात. मग तांबड्याच्याही पलीकडे, डोळ्याला न दिसणाऱ्या आणखी लांब लहरी घेतल्या तर? त्या आणखी सुखरूप बाहेर येतील. या पत्राचा सगळा विषय या एका प्रश्नात आहे. आपल्या आकाशगंगेचा मध्य धनू राशीच्या दिशेला आहे आणि तिथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या प्रत्येक एक लाख कोटी कणांपैकी सुमारे एकच आपल्यापर्यंत पोहोचतो. परंतु सव्वादोन मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे तांबड्यापलीकडच्या लहरींत पाहिले तर दहा-पंधरांतला एक पोहोचतो. राइनहार्ड गेंझेल आणि अँड्रिया गेझ यांच्या गटांनी याच लहरींत केंद्राजवळचे तारे वर्षानुवर्षे मोजले. त्यांतला एक तारा सोळा वर्षांत एक फेरी पूर्ण करतो, आणि त्या फेरीवरून मधल्या अदृश्य वस्तूचे वस्तुमान सूर्याच्या चाळीस लाख पट निघाले. २०२० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग या दोघांना मिळाला. दृश्य प्रकाशावर अडून बसलो असतो तर त्या दिशेला आजही फक्त धूर दिसला असता.

अवरक्त प्रकाश ही काही केवळ प्रयोगशाळेतली वस्तू नाही. शाळेत मी टीव्हीचा रिमोट मुलांच्या हातात देतो, त्याच्या टोकाकडे नुसत्या डोळ्यांनी पाहत बटण दाबायला सांगतो आणि मग तेच मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून पाहायला सांगतो. डोळ्याला काही दिसत नाही. पडद्यावर मात्र पांढरट जांभळा ठिपका लुकलुकतो. मागच्या वेळी सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, तो खरंच जांभळा आहे का?" फार चांगला प्रश्न होता. तो जांभळा नाही. मोबाइलच्या संवेदकाला लाल, हिरवे आणि निळे अशी तीनच घरे आहेत. या प्रकाशाला स्वतःचे घर नसल्यामुळे तो तिन्ही घरांत थोडाथोडा शिरतो आणि पडदा त्याला त्याच्यापाशी असलेल्यांपैकी एक रंग देतो. म्हणजे पत्रलेखक ज्याला रंगवणे म्हणतात ते आपल्या खिशातला फोनही करतो. बटण दाबले हे मात्र खोटे नसते.

दुसरे उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. कोरोनाच्या काळात सोसायटीच्या दारात कपाळावर पिस्तुलासारखे एक यंत्र रोखले जाई. ते यंत्र कपाळावर काही सोडत नव्हते, कपाळातून येणारा अवरक्त प्रकाश मोजत होते. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे प्रकाशत असते. सूर्याचा पृष्ठभाग सहा हजार अंशांच्या आसपास, म्हणून त्याचा बहर अर्ध्या मायक्रॉनच्या दृश्य प्रकाशात. आपले शरीर तीनशे दहा केल्विन (३७ अंश सेल्सियस), म्हणून आपला बहर साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास. आणि ताऱ्यांमधला थंड ढग, ज्याचे तापमान दहा केल्विन म्हणजे उणे २६३ अंश सेल्सियसच्या घरात असते, तो तीनशे मायक्रॉनच्या जवळपास प्रकाशतो. तेव्हा लांब लहरींचा उपयोग दुहेरी आहे. थोड्या लांब लहरी धुराआडचे तारे दाखवतात आणि त्याहून पुष्कळ लांब लहरी खुद्द धूर दाखवतात. दृश्य प्रकाशात जो ढग काळा डाग असतो तोच दूर-अवरक्तात उजळलेला दिसतो. आपल्याकडे सरसकट 'तेजोमेघ' म्हणण्याची सवय आहे, ती अशा ढगांच्या बाबतीत अडचणीची ठरते. 'कृष्णमेघ' हा शब्द मला त्यातल्या त्यात बरा वाटतो, जरी तीनशे मायक्रॉनमध्ये पाहणाऱ्याला तोही चुकीचा वाटेल.

यांतला पहिला उपयोग किती नेमका असू शकतो याचे सर्वांत देखणे उदाहरण भुजंगधारीतच आहे. बर्नार्ड यांच्या यादीतला ६८ वा ढग हा साधारण अर्धा प्रकाशवर्ष रुंद, शाईचा ठिपका पडावा तसा काळा गोळा आहे. युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या चिलीतल्या दुर्बिणींनी त्याची दृश्य आणि अवरक्त अशी दोन्ही छायाचित्रे घेतली. दृश्य चित्रात गोळ्याच्या आत एकही तारा नाही. दोन मायक्रॉनच्या चित्रात गोळा जवळपास नाहीसा होतो आणि त्याच्या मागचे शेकडो तारे जागच्या जागी उभे असतात, मधोमध असलेले जरा जास्त लाल, कडेचे कमी. प्रत्येक तारा किती लाल झाला हे मोजले की त्या जागी धूर किती जाड आहे ते कळते. अशा पद्धतीने २००१ मध्ये त्या ढगाचा नकाशा प्रसिद्ध झाला आणि ढगातला दाब व त्याचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण एकमेकांना जेमतेम तोलून धरत आहेत, असे त्यावरून दिसले. तोल गुरुत्वाकर्षणाकडे झुकला, की ढग आत कोसळू लागतो. तारा जन्माला येण्याची सुरुवात ती. हर्शेल यांच्या शब्दांत ज्याला भोक म्हणावे लागले असते, त्याचे अशा रीतीने वजन करता आले.

ढग कोसळण्यासाठी तो थंड असावा लागतो, हे सांगितले की विद्यार्थी बुचकळ्यात पडतात, कारण ताऱ्याचा संबंध आपण उष्णतेशी जोडतो. परंतु वायू गरम असला की त्याचा दाब गुरुत्वाकर्षणाला दाद देत नाही. धूळ इथे दोन कामे करते. ती बाहेरच्या ताऱ्यांचा तीव्र अतिनील प्रकाश अडवून आतला वायू थंड ठेवते. आणि तिच्या कणांच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे सुटे अणू एकत्र येऊन रेणू बनतात. गंमत अशी, की हा हायड्रोजनचा रेणू, जो अशा ढगात सर्वांत जास्त असतो, थंडीत जवळपास मुका असतो. दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे त्याला सहजी रेडिओ लहरी सोडता येत नाहीत. म्हणून त्याची चौकशी शेजाऱ्याकडे करावी लागते. १९७० मध्ये विल्सन, जेफर्ट्स आणि पेंझियस यांना मृग नक्षत्रातल्या मोठ्या तेजोमेघाच्या दिशेला कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटरची लहर सापडली आणि तेव्हापासून आकाशगंगेतल्या थंड ढगांचे नकाशे प्रामुख्याने या वायूच्या आधारे काढले जातात. चुलीच्या कोंडलेल्या खोलीत जो आपल्याला घातक, तो तिकडे वाटाड्याचे काम करतो.

अवरक्त आकाशाचा इतिहास मोठा रंजक आहे; त्यातली एकच गोष्ट सांगतो. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात नॉयगेबावर आणि लेटन यांना तिथून दिसणारे आकाश दोन मायक्रॉनमध्ये तपासायचे होते आणि मोठ्या आरशाला पैसा नव्हता. त्यांनी एका ताटलीत घट्ट होत जाणारे इपॉक्सी ओतून ती फिरत ठेवली. फिरत्या द्रवाचा पृष्ठभाग आपोआप अन्वस्ताकार, म्हणजे आरशाला हवा तसा खोलगट होतो, तो तसाच वाळू दिला आणि त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवला. ६२ इंचांच्या या घरगुती आरशाने साडेपाच हजारांहून अधिक अवरक्त उगम नोंदवले. १९७३ मध्ये या लहरींतल्या एका पाहणीने, ज्याला मुले 'काहीच नाही' म्हणतात त्याच ज्येष्ठेजवळच्या ढगात, दृश्य प्रकाशात कधीही न दिसलेल्या ताऱ्यांचा एक सबंध गुच्छ दाखवून दिला. वेबच्या चित्राच्या पन्नास वर्षे आधी.

मग एवढ्या खर्चाची दुर्बीण पंधरा लाख किलोमीटर दूर का न्यावी लागली? एक तर आपल्या हवेतली वाफ बहुतांश अवरक्त लहरी गिळून टाकते. दुसरे कारण असे, की दुर्बीण स्वतःच गरम असेल तर ती स्वतःच प्रकाशते. पेटलेल्या ट्यूबलाइटची नळकांडी करून तिच्यातून काजवा शोधावा तशातला तो प्रकार होतो. म्हणून १९८३ मध्ये अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी सोडलेल्या 'आयरास' या उपग्रहाची दुर्बीण द्रव हेलियमने थंड केलेली होती आणि दहा महिन्यांनी हेलियम संपले तेव्हा पाहणीही संपली. तोवर तिने आकाशाचा ९६ टक्के भाग तपासला होता. साडेतीन मीटर आरशाची 'हर्शेल' दुर्बीण २०१३ मध्ये याच कारणाने थांबली. वेब आपला ६.५ मीटरचा आरसा टेनिसच्या मैदानाएवढ्या पाच पदरी पडद्याच्या सावलीत ठेवून थंड राखते, आणि सर्वांत लांब लहरी पाहणाऱ्या तिच्या उपकरणाला तेवढी थंडी पुरत नाही म्हणून त्याच्यासाठी सात केल्विनच्याही खाली नेणारे वेगळे शीतयंत्र आहे.

एवढ्या पार्श्वभूमीवर आता आपण छापलेले ते छायाचित्र समोर घ्यावे. ते १२ जुलै २०२३ रोजी, दुर्बिणीच्या कामाला एक वर्ष पूर्ण झाले तेव्हा प्रसिद्ध झाले. प्रदेश आपल्यापासून सुमारे ३९० प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे त्यात दिसणारा प्रकाश शिवरायांच्या बालपणाच्या आसपास तिथून निघाला. आणि तरीही तारकानिर्मितीच्या मोठ्या प्रदेशांत हा आपल्याला सर्वांत जवळचा. चित्रात सुमारे पन्नास तरुण तारे आहेत, बहुतेक सूर्याएवढे किंवा त्याहून लहान. छायाचित्र घेताना पावणेदोन ते पावणेपाच मायक्रॉनच्या दरम्यानच्या निवडक पट्ट्यांचे वेगवेगळे गाळण (फिल्टर) लावले होते आणि प्रत्येक गाळणातून एक राखाडी चित्र मिळाले. सर्वांत लांब लहरीच्या चित्राला लाल आणि सर्वांत आखूडला निळ्याकडचा रंग देऊन ती एकावर एक ठेवली गेली.

यात लबाडी कुठे आहे? गायक काळी चारमध्ये गातो तोच भूप मी पेटीवर पांढरी एकमध्ये वाजवला तर पट्टी बदलली, पण सा आणि ग यांच्यातले अंतर बदलले नाही, आणि भूप भूपच राहिला. इथेही लहरींचा क्रम राखून त्या आपल्या डोळ्यांच्या सप्तकात उतरवल्या आहेत. म्हणूनच चित्र वाचता येते. त्यातले लाल फवारे म्हणजे हायड्रोजनच्या रेणूंचा प्रकाश. जन्मत असलेला तारा आपल्या दोन्ही ध्रुवांकडून द्रव्य फेकतो आणि ते भोवतालच्या वायूवर आदळते तिथे तो उजळतो. खालच्या भागातली पिवळसर उजळ गुहा 'एस-१' या ताऱ्याने आपल्या प्रकाशाच्या आणि वाऱ्याच्या जोरावर कोरलेली आहे. त्या चित्रात सूर्याहून बराच मोठा असा तो एकटाच. गुहेच्या भिंतींना जी झाक आहे ती कार्बनच्या अशा रेणूंची, ज्यांच्या जातीचे रेणू डिझेलच्या काजळीतही सापडतात. काही ताऱ्यांच्या दोन बाजूंच्या उजेडामध्ये काळी फट दिसते; ती भोवतालच्या चकतीची सावली असते, आणि अशा चकत्यांतूनच ग्रह तयार होतात. 'रंगांची उधळण' म्हटल्यावर यांतले काय उरते?

पत्रलेखकांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. चित्र तयार करताना कोणती बाजू वर ठेवायची, मंद भाग किती उजळायचा, कोणती छटा किती गडद करायची यांत नजरेला बरे दिसण्याचा विचार असतो, आणि तो असतो हे ते तयार करणारे लपवतही नाहीत. शास्त्रज्ञ मोजमाप या रंगीत चित्रावर करत नाहीत. ते प्रत्येक गाळणातल्या आकड्यांवर करतात आणि या चित्रामागचे आकडे सर्वांना खुले आहेत. पण मग रंग देण्याचा आक्षेप फक्त अवरक्त चित्रांवर का? गरुड तेजोमेघातल्या स्तंभांचे १९९५ चे हबलचे छायाचित्र घरोघरी पोहोचले. ते दृश्य प्रकाशातले होते, म्हणून कोणी शंका घेतली नाही. प्रत्यक्षात त्यात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला होता, जेव्हा तो हायड्रोजन स्वतः लाल प्रकाशतो. आणि 'तिथे जाऊन पाहिले तर' म्हणाल तर जायचीही गरज नाही; हिवाळ्यात मृगातला मोठा तेजोमेघ माझ्या दुर्बिणीतून पाहावा. छापील चित्रातला गुलाबी रंग शोधत मुले डोळा लावतात आणि त्यांना चुलीतल्या राखेच्या रंगाचा एक डाग दिसतो, कारण मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांची रंग ओळखणारी यंत्रणाच काम करत नाही. डोळ्याला दिसते तेवढेच खरे असे धरले तर तेजोमेघ राखाडी ठरतील आणि ज्येष्ठेजवळ भोक ठरेल.

त्या पत्राच्या शेवटी 'आपल्याला काय त्याचे' अशा सुराचे एक वाक्य होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटर आरशाची दूर-अवरक्त दुर्बीण बनवली आणि हैदराबादहून प्रचंड फुग्याला टांगून ती सुमारे तीस किलोमीटर उंचीवर, बहुतेक सगळ्या वाफेच्या वर नेली. काम झाले की ती हवाई छत्रीने खाली उतरे. तारकानिर्मितीचे ढग हेच तिचे मुख्य लक्ष्य होते. त्याच संस्थेने बनवलेले अवरक्त उपकरण लडाखमध्ये हानले येथील दोन मीटरच्या दुर्बिणीवर बसवले गेले आणि पुढे दुसरे नैनितालजवळ देवस्थळ येथील ३.६ मीटरच्या दुर्बिणीवर. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या, रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तर नारायणगावची द्राक्षे घ्यायला जाणाऱ्यांनीही पाहिल्या असतील. त्या थंड धूळ पाहत नाहीत, तो त्यांचा प्रांत नव्हे. पण नवजात मोठ्या ताऱ्यांनी भोवतालचा हायड्रोजन तापवून त्याचे इलेक्ट्रॉन सुटे केले, की त्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरी कितीही दाट धुरातून जशाच्या तशा येतात आणि खोडदला पकडल्या जातात. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरते आणि तबकड्या जवळून पाहता येतात. पत्रलेखकांनी एकदा जरूर जावे. वायूच्या त्या नकाशांना तिथेही रंग दिलेले आढळतील.

आपल्याकडे मागणे एवढेच, की अशा छायाचित्राखाली ते कोणत्या प्रकाशात घेतले आहे आणि रंग कशाचे आहेत हे छापावे. 'अवरक्त' लिहा किंवा 'इन्फ्रारेड' लिहा, वाचकाला दोन्ही समजतात. परवाच्या चित्रापुरती ओळ अशी चालली असती: 'ज्येष्ठा ताऱ्याजवळच्या, सुमारे ३९० प्रकाशवर्षे दूर असलेल्या धूलिमेघात जन्मणारे तारे, डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातील हे छायाचित्र असून आखूड लहरींना निळा आणि लांब लहरींना लाल रंग दिला आहे, लाल फवारे हायड्रोजनचे.' अर्ध्या पानाच्या चित्राखाली एवढी ओळ सहज मावते. मी पट्टी लावून पाहिले आहे.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, वाई